जबाबदार व्यक्तीचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. खेड्यात अक्षर चांगलं असणं ही जन्मभराची वेठ असते. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना बाराखडी घोटवून मी निवृत्त झालो, तेव्हा वाटलं होतं की आता दारात खुर्ची टाकून निवांत बसावं. पण आमच्या वाघबोडीत कोणतीही समिती निघाली की अध्यक्ष कोणीतरी दुसरा होतो आणि सचिव म्हणून भोजराज गुरुजींचं, म्हणजे माझं, नाव न विचारता लिहिलं जातं. तंटामुक्तीची झाली, पाणीपुरवठ्याची झाली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात 'घरगुती पाळीव प्राणी आपत्ती पूर्वतयारी समिती' झाली.

नाव ऐकून गाव हसलं. मीही हसलो. भंडाऱ्याच्या एका संस्थेतून रश्मी मॅडम आल्या होत्या. पंचविशीची, पायात बूट घातलेली चुणचुणीत पोरगी. आमचं हसणं संपेपर्यंत ती थांबली आणि मग तिनं विचारलं, "वीस सालच्या पुरात तुमच्या गावातली किती कुत्री मेली?"

वैनगंगा त्या वर्षी खालच्या मोहल्ल्यात शिरली होती. आम्ही बैलांची दावी सोडली, गाठोडी उचलली आणि टेकडीवरच्या हायस्कूलात जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा चार दारांपुढे चार कुत्री साखळीला तशीच होती. त्यातलं एक माझ्या दारापुढे होतं. माझ्या बायकोनं, रत्नाबाईनं, त्यानंतर घरात कुत्रं आणू दिलं नाही, आणि मीही कधी तिला कारण विचारलं नाही. त्यामुळे मॅडमच्या प्रश्नानंतर मी हसणं बंद केलं आणि रजिस्टर उघडलं.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पाणी येण्याआधीच ठरलेलं असावं की कोणता प्राणी कोण नेणार. प्रत्येक प्राण्यापुढे एक रकाना, 'जबाबदार व्यक्ती'. त्यापुढे घर क्रमांक आणि मोबाईल. प्राण्याची एक आपत्कालीन पिशवी भरून दाराजवळ टांगलेली असावी. तिच्यात तीन दिवसांचं खाणं, पाण्याची बाटली, लसीचं कार्ड आणि मालकाचा त्या प्राण्यासोबत काढलेला फोटो. हरवला तर ओळख पटते. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. शेवटी मॅडम म्हणाल्या की नोंदलेल्या प्रत्येक प्राण्यामागे संस्था एक पट्टा, साखळी, स्टीलची वाटी आणि पिशवी देणार आहे.

ते सांगायला नको होतं. तोवर गावात आठ कुत्री होती, आठवड्याभरात रजिस्टरात चौदा झाली. मला कौतुक वाटलं. लोक बदलतात, असं मी रत्नाबाईला म्हणालोसुद्धा. तिनं तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

मग मॅडमचा फोन आला. "गुरुजी, तुम्ही पाठवलेले फोटो पाहतेय. तुमच्या गावातल्या सात कुत्र्यांचा डावा कान एकाच जागी फाटलेला कसा काय?"

मी फोटो काढून पाहिले. शेरू, टायगर, राजा, मोती, वाघ्या, ब्रूनो आणि पुन्हा एक शेरू. सातही फोटोंत भुऱ्याच होता. भुऱ्या म्हणजे गावाचं कुत्रं, मातकट रंगाचं, कोणाच्याही दारात शिळं खाणारं आणि कोणाच्याही काठीचा मार खाणारं. पहिल्या फोटोत तो भांबावलेला दिसत होता. पाचव्या फोटोपर्यंत त्याला कळलं असावं, कारण तिथं तो मोबाईलकडे तोंड करून नीट बसला होता. ज्या सात जणांनी त्याच्या गळ्यात हात टाकले होते, त्यातल्या किमान चौघांना मी त्याच्यावर दगड भिरकावताना पाहिलं आहे.

भुऱ्या खरोखर कोणाचा असेल, तर तो बायजाबाईचा होता. पण तिचं नाव त्या सात जणांत नव्हतं.

बायजाबाई पंचाहत्तरीच्या पुढची. तिला ऐकू येत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर निम्मं कळतं, उरलेलं ती ओठांवरून जुळवते. तिला दोन पोरं. मोठा जागेश्वर, धाकटा प्रफुल्ल. दोघांची घरं एकाच गल्लीत समोरासमोर. वाटणी झाली तेव्हा शेत निम्मं झालं, बैल एकेक झाला आणि आई महिन्यावर आली. एक महिना जागेश्वरकडे, एक प्रफुल्लकडे. अशी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यात कोणाला काही वाटत नाही. गोची एवढीच होती की जागेश्वर अमावस्येच्या सकाळी तिला चहा पाजून मोकळा होई आणि प्रफुल्लचा महिना दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याला सुरू होई. पुढच्या महिन्यात हेच उलट. मधला अमावस्येचा दिवस दोघांच्याही हिशेबात नव्हता. त्यावरून पहिल्या वर्षी भांडण झालं, तेव्हा बायजाबाईनंच तोड काढली. ती म्हणाली, माहा अमोशेला उपास असते. तेव्हापासून दर अमावस्येला ती आपलं गाठोडं घेऊन नाल्याकाठच्या तिच्या जुन्या झोपडीत जाऊन बसते. नवऱ्यानं बांधलेली ती मातीची झोपडी आता भाताचं तणस ठेवायला वापरतात. दिवसभर ती तिथं बसते, भुऱ्या तिच्या पायाशी बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्याचा महिना असेल त्याच्या दारात उभी राहते.

त्या सात जणांच्या चिठ्ठ्या टाकून भुऱ्याचा निकाल लावायचं ठरलं. 'एक प्राणी, एक जबाबदार व्यक्ती' हा नियम मी लाल शाईनं लिहिला. चिठ्ठ्या टाकायच्या आदल्या दिवशी बायजाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"गुर्जी, भुऱ्याले माह्या नावावर लिवून घेता का जी?"

मी रजिस्टर उघडलं आणि तिच्या कानाशी ओरडलो, "काकी, घर नंबर सांगा."

"कोन्ता महिना लिवता?"

"मोबाईल हाय का?"

ती हसली. "मले आयकू येत नाई. मोबाईल कानाले लावू का चुलीत घालू?"

मी तिला समजावलं की जबाबदार व्यक्तीला कायमचं घर लागतं, फोन लागतो, सूचना आली तर ऐकू यावी लागते. तिचं नाव नियमात बसत नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती, तेव्हा सगळं कळलं असणार.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पन दारात कोनी आलं का तो माहा पदर ओढते. कुकरची शिट्टी झाली तरी ओढते. मांगून फटफटी आली का मले बाजूले घेते. तुमी त्याले दुसऱ्याच्या घरी बांधान, त मले कोन सांगन?"

"रोज कोनी बांधनार नाई, काकी. पूर आला तरच."

"तवाच त सांगनारा पायजे ना जी."

उत्तर नसलं की मास्तर पुस्तकात बघतो, तसं मी छापील फॉर्मात बघितलं. तिथं फक्त रकाने होते. ती रत्नाबाईनं दिलेला चहा प्यायली आणि भुऱ्याच्या मागे मागे निघून गेली.

"लिवून टाकलं असतं तर काय कागद फाटला असता?" रत्नाबाईनं विचारलं.

"उद्या प्रत्येक जण म्हनन, मलेही सूट द्या," मी म्हणालो. हे वाक्य मी छत्तीस वर्षं शाळेत वापरलं आहे आणि ते कधी वाया गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी निघाली ती जागेश्वरच्या नावाची. तो खूश झाला. पट्टा, साखळी, वाटी, पिशवी घेऊन गेला. पिशवीत त्यानं ग्लुकोजच्या बिस्किटांचे सहा पुडे, मुरमुरे आणि पाण्याची बाटली भरली, फोटो ठेवला आणि मॅडमच्या सूचनेप्रमाणे पिशवी दाराजवळ खिळ्याला टांगली. मी तपासणीला गेलो तेव्हा त्यानं ती मला उघडून दाखवली. त्याची आई त्याच खिळ्याखाली बसून शेंगा सोलत होती, कारण महिना त्याचा होता. मी रजिस्टरात 'तयारी उत्तम' असा शेरा मारला.

मग पोळा आला. दोन दिवसांपासून वरच्या अंगाला पाऊस होता आणि नदी चढत होती. पोळा म्हणजे अमावस्या, हे मी सांगायला नको. सकाळी घराघरांत पुरण शिजत होतं, बैलांच्या शिंगांना रंग लागत होता, आणि अड्याळच्या बाजारातून आणलेल्या झुली अंगणात पसरल्या होत्या. मी मात्र समितीचा सचिव. मी ग्रुपवर संदेश टाकला: 'नदीची पातळी वाढत आहे. सर्व जबाबदार व्यक्तींनी आपापले नोंदणीकृत प्राणी तात्काळ ताब्यात घ्यावेत.' खाली नाव, पद आणि हात जोडल्याचं चित्र.

जागेश्वरनं 'ओके गुरुजी' असं उत्तर पाठवलं आणि दुपारी बाराला साखळी घेऊन नाल्याकाठी गेला. हे मला नंतर मंगरूनं सांगितलं. मंगरू ढिवर आमच्या गावचा मासेमार, तो तेव्हा नाल्यात लावलेलं जाळं काढत होता. जागेश्वरनं आईच्या पायाशी बसलेल्या भुऱ्याच्या गळ्यात पट्टा अडकवला. बायजाबाईनं काहीतरी विचारलं. त्यानं हातानंच 'नदी, पाणी, मास्तर' अशा खुणा केल्या आणि कुत्र्याला ओढत घरी नेलं. ती दारात उभी राहून बघत होती. त्या घटकेला ती ना त्याच्या महिन्यात होती, ना भावाच्या, आणि कुत्रा मात्र पुरता त्याच्या नावावर होता.

तीन वाजता ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. खालचा मोहल्ला रिकामा करा, हायस्कूलवर चला. सगळे बैल तोरणासाठी आखराच्या मैदानावर आधीच जमले होते, सजून उभे. त्यामुळे कधी नव्हे ती शिस्त दिसली. झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल पुढे, त्यांच्यामागे टोपल्यांत कोंबड्या, पिशव्यांत मांजरं, एक पोपट आणि साखळीला कुत्री, अशी आमची मिरवणूक टेकडी चढली. वीस सालचा पूर पाहिलेल्या माणसाला ते बघून भरून यावं असंच होतं. मला आलं.

हायस्कूलच्या फाटकाशी मी टेबल मांडलं आणि एकेकाला टिक करू लागलो. मांजरं अकरा, बरोबर. पोपट एक, बरोबर. कुत्री आठ. जागेश्वरनं भुऱ्या दाखवला, पिशवी दाखवली, फोटो दाखवला. भुऱ्या साखळी ताणून टेकडीच्या उताराकडे तोंड करून उभा होता. मी त्याच्यापुढे टिक केली आणि मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"शंभर टक्के, मॅडम," मी म्हणालो. "एकही प्राणी मागं नाही."

"ग्रेट, गुरुजी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. चांगली पोरगी आहे ती, तिचा यात काही दोष नाही.

फोन ठेवतो तोच रत्नाबाई समोर आली. तिच्या हातात झाकलेली थाळी होती. पळापळीतही तिनं चार पुरणपोळ्या बांधून आणल्या होत्या.

"बायजाकाकी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी जागेश्वरकडे बघितलं. जागेश्वर म्हणाला, "माह्याकडचा महिना सकाळी सरला. माय परफुल्लकडं हाय."

प्रफुल्ल बैलाला पाणी दाखवत होता, त्याला बोलावलं. "माह्याकडं कुठं? माहा उद्यापासून."

"मंग आज?"

"आज अमोशा."

"मले माईत हाय अमोशा हाय. पोळ्याची अमोशा ज्याचा महिना सरते त्याची."

"सरला तिथं सरला ना, दादा. गेल्या खेपेले तूच बोलला होता."

दोघे खरोखर हिशेब करू लागले. कोणता महिना एकोणतीस दिवसांचा होता, कोणाकडे एक दिवस जास्त राहिली, अधिक मासात काय ठरलं होतं. जागेश्वर बोटांवर दिवस मोजू लागला. साखळी त्याच हातात होती. मोजता मोजता त्याचं साखळीकडचं लक्ष उडालं. भुऱ्यानं मान खाली घातली, दोन पावलं मागे सरला, आणि मापापेक्षा मोठा असलेला तो संस्थेचा पट्टा त्याच्या डोक्यावरून निघून आला. पुढच्या क्षणी तो उतारावर होता.

"कुत्रा पयाला, गुर्जी," कोणीतरी ओरडलं.

हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. तेव्हा माझा हात पहिल्यांदा रजिस्टराकडे गेला. शंभर टक्के मोडलं, हा माझ्या मनातला पहिला विचार होता. बायजाबाई नाल्याकाठी असणार, आज अमावस्या आहे, भोंगा तिला ऐकू गेलेला नाही, आणि तिला सांगणारा कुत्रा मीच संदेश टाकून तिच्यापासून तोडला, हे सगळं त्यानंतर आलं.

रत्नाबाईनं जागेश्वरच्या खांद्यावरची भुऱ्याची पिशवी ओढून घेतली, त्यात पुरणपोळ्या घातल्या आणि ती माझ्या छातीशी दाबली. "जा," एवढंच म्हणाली.

मंगरू कधीचाच खाली गेला होता. भाऊ भांडत असताना त्यानं झाडाला बांधलेला डोंगा सोडला होता. डोंगा म्हणजे त्याची मासे धरायची लाकडी होडी. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो ढकलायच्या बेतात होता.

"बसा, गुर्जी. हलू नका. तीन मानसाच्या वर डोंगा झेलत नाई."

पाणी गढूळ आणि संथ होतं. नदीचा लोंढा नव्हता, नाल्यानं उलटं चढलेलं पाणी होतं, ते आवाज न करता घरात शिरतं. खालच्या मोहल्ल्यात कुंपणं बुडाली होती. जागेश्वरच्या दाराजवळचा खिळा पाण्याच्या वर दिसत होता. मला त्या खिळ्याचा फार राग आला. मंगरू वल्हं मारत होता, मी बायजाबाईच्या नावानं हाका मारत होतो. चारपाच हाका मारल्यावर मंगरू म्हणाला, "कोनाले आयकवता?"

झोपडीच्या दाराची वरची चौकट आणि छपराची कवेलं तेवढी पाण्याबाहेर होती. दारातून तणसाच्या पेंढ्या तरंगत बाहेर येत होत्या. मंगरूनं वल्ह्यानं पेंढ्या बाजूला सारून आत डोकावलं आणि मान हलवली. आत कोणी नव्हतं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती, आतल्या पोळ्या अजून कोमट लागत होत्या.

तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं, तेही बोडीच्या बाजूनं. ज्या तळ्यावरून आमच्या गावाला नाव पडलं, त्याचा बांध गावात सगळ्यात जुना आणि हायस्कूलनंतर सगळ्यात उंच. त्या बांधाच्या टोकाला, दोन्हीकडे पाणी, मध्ये खाटेएवढी जागा उरलेली, तिथं बायजाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. कमरेपर्यंत ओली. तिच्या पदराचं टोक अजून भुऱ्याच्या तोंडात होतं. आम्हाला बघून त्यानं ते सोडलं आणि पुन्हा भुंकला.

"काकी," मी म्हणालो.

"पानी आलं ते मले काय समजते, गुर्जी," ती म्हणाली. आवाज शांत होता, तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. "डोया लागला होता. हा आला वल्ला होऊन, पदर ओढाले लागला. म्या म्हटलं, परफुल्ल नेयाले आला. आज एक दिस आंधी आला म्हटलं. म्हनून गाठोडं घेऊन उठली."

मंगरूनं तोंड फिरवलं आणि डोंगा बांधाला लावला. मी तिच्या शेजारी बसून आपत्कालीन पिशवी उघडली. पोळी तिनं कपाळाला लावून बाजूला ठेवली, उपास होता ना. मग तिनं बिस्किटांचा पुडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, पिशवीतला फोटो पाहिला. फोटोत जागेश्वरचा हात भुऱ्याच्या गळ्यात होता.

"हे याचं हाय का?"

मी मान डोलावली.

"तीन दिसाचं?"

मी पुन्हा मान डोलावली. यावेळी मला तिच्याकडे बघवेना. तिनं दोन बिस्किटं भुऱ्यापुढे ठेवली, एक आपण घेतलं. मग पोळीकडे पाहिलं. "उपास त कोनाले दाखवाचा होता," म्हणाली आणि अर्धी पोळी मोडून खाल्ली. अर्धी भुऱ्याला दिली.

निघायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. डोंग्यात तिघंच. मंगरू, बायजाबाई आणि आणखी एक. आधी माणसं, मग जनावरं, हे मॅडमच्या पुस्तकातसुद्धा आहे. मी तसं खुणेनं सांगितलं. बायजाबाई डोंग्यात ठेवलेला पाय काढून परत बांधावर बसली.

मंगरू म्हणाला, "गुर्जी, तुमाले पोहता येते. कुत्र्यालेही येते. पन बुढी त्याच्याबिगर येत नाई. मंग कोन राहते?"

मी राहिलो. डोंगा निघाला. मध्ये बायजाबाई, तिच्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर भुऱ्याचं तोंड. मंगरू परत येईपर्यंत चांगला पाऊण तास लागला. त्या बांधावर मी एकटा बसलो होतो. माझा घर क्रमांक, मोबाईल, अक्षर, सगळं ठीक होतं, आणि कोणत्याही रजिस्टरात माझ्यापुढे जबाबदार व्यक्ती लिहिलेली नव्हती. मंगरू येईल एवढी खात्री होती. तेवढीही बायजाबाईला नव्हती.

हायस्कूलवर पोचलो तेव्हा दोन्ही पोरं आईजवळ बसली होती. जागेश्वर रडत होता, खरं रडत होता. प्रफुल्लनं आपली शाल तिच्या अंगावर घातली होती. वाईट नाहीत ती पोरं. तेवढ्यात त्यांचं ठरलंही होतं की यापुढे अमावस्या आलटून पालटून घ्यायची. एक तुझी, एक माझी.

पाणी दोन दिवसांत उतरलं. या वेळी गावात साखळीला बांधलेलं एकही कुत्रं मेलं नाही, आणि ते श्रेय मॅडमचं आहे. आठवड्याभरानं वरून नवा तक्ता आला. हा माणसांचा होता. गावातले वृद्ध, अपंग, गरोदर बाया, यांना आपत्तीत सोबत कोण नेणार, त्याची नोंद. शेवटचा रकाना तोच, जबाबदार व्यक्ती.

जागेश्वर आला आणि म्हणाला, "एक आड एक महिना लिवा, गुर्जी." प्रफुल्ल आला आणि म्हणाला, "अधिक मासाचं वेगळं लिवजा." दोघांचंही मी ऐकून घेतलं. मग बायजाबाईच्या नावापुढे, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, 'भुऱ्या' असं लिहिलं. नातं या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तो रिकामा ठेवला. कुत्र्यांच्या जुन्या रजिस्टरातही भुऱ्यापुढचं जागेश्वरचं नाव खोडून तिचं लिहिलं. कागद फाटला नाही.

तक्ता वर गेला. पंधरा दिवसांनी त्यावर शेरा मारून परत आला: 'अनुक्रमांक नऊ. सदर जबाबदार व्यक्तीचा मोबाईल क्रमांक नमूद नाही. पूर्तता करावी.'

मी तक्ता घेऊन ओट्यावर बसलो. समोरच्या गल्लीतून बायजाबाई येत होती, मागून फटफटी येत होती, आणि भुऱ्या पदर ओढून तिला कडेला घेत होता. मी शाई भरली आणि पूर्तता केली: 'मोबाईल नाही. बोलवावं लागत नाही.'